भीमाशंकरच्या नकाशांवर झाडांचे डेरेही काढावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या काही महिन्यांत श्रीक्षेत्र भीमाशंकर येथील वाढती गर्दी, वाहनतळ, पायऱ्या आणि रस्ते यांविषयी बातम्या आणि वाचकांची पत्रे येत आहेत. बहुतेक पत्रे भाविकांच्या गैरसोयीविषयी असतात, काही कचऱ्याविषयी असतात, आणि दोन्ही तक्रारी रास्तच आहेत. मला मात्र एका निराळ्या, काहीशा तांत्रिक बाबीकडे लक्ष वेधायचे आहे. ही बाब मला कोणत्याही अहवालात सापडलेली नाही. यंदा महाशिवरात्र आणि होळी यांच्या मधल्या एका मंगळवारी त्या जंगलात काढलेल्या एका शांत दिवसात ती माझ्या ध्यानात आली, म्हणून आधी त्या दिवसाविषयीच लिहिते. पत्र लांबले तर क्षमस्व.

मी एका शासकीय कार्यालयात एकतीस वर्षे आरेखक म्हणून काम करून निवृत्त झाले. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईने आणि नंतर संगणकावर, मी आयुष्यभर मुख्यतः रस्त्यांचे नकाशे काढले. या तपशिलाचा पुढे संबंध येणार आहे.

माझ्या भाचीने हिंजवडीच्या नोकरीतून एक दिवसाची रजा काढली आणि आम्ही दोघी शिवाजीनगरहून, म्हणजे हल्लीच्या वाकडेवाडीच्या स्थानकावरून, पहाटेच्या एसटीने निघालो. सोमवार मुद्दाम टाळला होता. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचे पाणी, पोखरीचा घाट असे करत गाडी तळेघरच्या पुढे आली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे जागोजागी वर एकमेकांना भिडू लागली आणि उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात असा गाडीचा प्रवास सुरू झाला. त्या सावलीचे तेव्हा केवळ बरे वाटले. तिच्याकडे कामाच्या दृष्टीने पाहण्याची बुद्धी परतीच्या वाटेवर झाली.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या १३०.७८ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संरक्षणामागचे मुख्य निमित्त शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, हे होते. हे पुष्कळांना ठाऊक असते. तरीही देवदर्शनाला येणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांनी शेकरू प्रत्यक्ष पाहिले असेल, याची मला शंकाच आहे. मी स्वतः यापूर्वी चार वेळा भीमाशंकरला गेले होते आणि चारही वेळा फक्त माकडे पाहून परतले होते.

या वेळी जवळच्या वाडीतील एक महादेव कोळी गृहस्थ वाटाड्या म्हणून बरोबर होते. त्यांच्या दोन अटी होत्या: मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि बोलायचे ते थांबल्यावरच, चालताना नाही. मला त्यांनी पहिल्याच वाक्यात ‘आजी’ केले, हे क्षणभर खटकले, पण त्यांच्या मागे चढ चढताना दम लागला तेव्हा ते संबोधन मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मंदिराचा परिसर मागे टाकून रानवाटेला लागलो, तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील. पहिली दहा मिनिटे काहीही दिसले नाही. नंतर वाटेवर पांढरट गुलाबी, कर्ण्याच्या आकाराची फुले पडलेली दिसू लागली. ती वारस नावाच्या झाडाची होती. हे झाड रात्री फुलते. भीमाशंकरच्याच जंगलात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी वारसाच्या फुलांवर येणाऱ्या भुंग्यांचा अभ्यास केला आणि त्यांतील एक जात अमावास्येच्या काळोखातही फुले शोधू शकते, हे दाखवून दिले. हे मी पूर्वी वाचले होते. पण पायाखालचे फूल उचलून हातात घेतल्यावर, आपण झोपलेलो असताना या फुलावर कोणीतरी काम करून गेले आहे, ही कल्पना निराळ्याच तऱ्हेने मनात शिरली.

त्यानंतर वाटाड्याने हात वर केला आणि आम्ही थांबलो. वर कोणीतरी लाकडी खुळखुळा भराभर हलवावा तसा आवाज येत होता. एका जांभळीच्या उंच फांदीवर शेकरू होते. पाठ तपकिरी-तांबूस, पोट साईच्या रंगाचे, आणि अंगापेक्षाही लांब वाटणारी झुबकेदार शेपटी फांदीखाली लोंबत होती. आपल्या अंगणातल्या खारीशी त्याचे नाते आहे हे ऐकून माहीत असले, तरी डोळे ते मानत नाहीत, कारण हा प्राणी मांजराएवढा असतो. आमची चाहूल लागताच ते फांदीला असे चिकटून पसरले की, आधी पाहिले नसते तर ती फांदीची गाठच वाटली असती. आम्ही हललो नाही. सहा-सात मिनिटांनी त्याने आमचा नाद सोडला, फांदीच्या टोकापर्यंत गेले आणि वाटेच्या पलीकडून आलेल्या आंब्याच्या फांदीवर उडी न मारता, अक्षरशः चालत गेले. दोन्ही झाडांच्या डहाळ्या तिथे एकमेकींत गुंतलेल्या होत्या. ‘हितूनच जातंय ते, आजी. मी ल्हान होतो तवापासनं ह्याच फांदीवरनं,’ एवढेच वाटाड्या म्हणाला. त्याच्या दृष्टीने ती त्या जंगलातली एक पायवाट होती, आमच्या पायवाटेला वरून छेद देणारी.

त्याने मग त्या आंब्याच्या शेंड्याजवळचे घरटेही दाखवले. काटक्या आणि पाने यांचा तो मोठा गोळा डहाळ्यांच्या दाटीत, शेजारच्या झाडाचा डेरा जिथे येऊन टेकतो नेमका तिथे बांधलेला होता. शेकरू एकाच वेळी अशी अनेक घरटी राखते, आणि धोका आला तर निसटायला वाट हवी म्हणून जागा निवडताना शेजारच्या झाडांचा आधार पाहते. काही घरट्यांचा उपयोग ते बियांच्या साठवणीसाठीही करते, ही नोंदसुद्धा भीमाशंकरमधीलच संशोधनातून पुढे आलेली आहे. जमिनीवर उतरणे हे त्याच्या स्वभावात जवळजवळ नाहीच. अंतर बेताचे असेल तर ते वीसेक फुटांची झेप घेऊ शकते, पण झेप घ्यायला आणि टेकायला दोन्हीकडे पुरेशी पसरलेली फांदी लागते.

पुढे एका ओढ्याच्या काठी पिकलेल्या उंबरावर हरियालांचा थवा उतरलेला होता, आणि त्याच उंबराच्या वरच्या अंगाला आणखी एक शेकरू निवांत उंबरे खात बसले होते. राज्यपक्षी आणि राज्यप्राणी एकाच पंगतीत बसलेले पाहून भाचीने हळूच माझ्या हाताला चिमटा काढला. बोलायची बंदी होती ना! हरियाल पानांत इतके मिसळून जातात की, आम्ही सात मोजले आणि उडाले तेव्हा वीसाच्या वर निघाले. वर आकाशात तुरेवाला सर्पगरुड घिरट्या घालत लांबलचक शीळ देत होता. निखारांची एक जोडी, नर लालभडक आणि मादी पिवळी, शेंड्याशेंड्यांवरून पुढे निघून गेली. रानकोंबडा फक्त ऐकू आला.

सगळ्यांत शांत वेळ दुपारची होती. ओढा आटलेला होता, पण एका कातळाखाली परातीएवढे पाणी शिल्लक होते. तिथून बऱ्याच अंतरावर, वारा पाण्याकडून आमच्याकडे येईल अशा बाजूला, वाटाड्याने आम्हाला बसवले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आवाज न करता खायची असते, हे आयुष्यात प्रथमच शिकले. तास उलटून गेला. एक स्वर्गीय नर्तक दोनदा येऊन पाण्याला पोट लावून गेला, त्याची पांढरी शेपूट एखाद्या फितीसारखी मागे लहरत होती. मग पलीकडच्या झाडोऱ्यात एक वाळके पान वाजले, बराच वेळ काहीच झाले नाही, आणि अखेर भेकर बाहेर आले. मादी होती, शिंगे नव्हती. तिने एक पाय उचलला तो तसाच अधांतरी धरला, कान फिरवले, पाय खाली ठेवला, आणि अशा रीतीने दहा पावले चालायला तिला दहा मिनिटे लागली असतील. पाणी मात्र ती मिनिटभरच प्यायली. त्याच वेळी दूर मंदिराच्या दिशेने कोणाच्या तरी ध्वनिक्षेपकाचा गाण्याचा तुकडा वाऱ्यावर तरंगत आला आणि ती कुत्र्यासारखी एकदाच भुंकून नाहीशी झाली.

या आवाजाविषयी दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. मंदिराच्या आवारातली मोठी घंटा ही १७३९ च्या वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक आहे. घंटेचा नाद उमटतो आणि विरून जातो, त्याने कोणाचे काही बिघडत नसावे. पोर्टेबल स्पीकर मात्र विरत नाही, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ मध्ये अभयारण्यातील प्राण्यांना त्रास देण्यास आणि तेथे कचरा टाकण्यास स्पष्ट मनाई आहे, ही माहिती प्रवेशनाक्यावर ठळक मराठीत लिहिलेली असायला हवी. असो. हा माझा मुख्य विषय नव्हे.

नागफणीच्या कड्यावरून कोकण पाहिले. खाली पदरगड आणि खांडसच्या बाजूची खाचरे उन्हात तापून धुरकट दिसत होती. तिथे फार रेंगाळलो नाही.

परतीच्या वाटेवर, साधारण चारच्या सुमारास, आम्हाला तिसरे शेकरू दिसले, आणि हे पत्र त्याच्यामुळे लिहिते आहे. ही जागा कुठे आहे ते मुद्दाम सांगत नाही. तिथे वाट रुंद केलेली आहे. एकही मोठे झाड तोडलेले नाही, हे मी नीट पाहून सांगते, बुंधे सगळे जागच्या जागी आहेत. फक्त वाटेवर झुकणाऱ्या फांद्या दोन्ही बाजूंनी, बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर, सरळ रेषेत छाटलेल्या आहेत. छाटणी कोणी केली आणि कोणत्या कामासाठी केली, हे मला ठाऊक नाही व त्या चौकशीत मला पडायचेही नाही. वर निळ्या आकाशाची एक सरळ पट्टी दिसत होती. ते शेकरू एका छाटलेल्या फांदीच्या खुंटापर्यंत आले, मागचे पाय रोवून पुढे झुकले, थांबले आणि मागे फिरले. शेजारच्या झाडावर जाऊन तिथूनही त्याने तसेच करून पाहिले. आम्ही अर्धा तास उभ्या होतो. त्या अर्ध्या तासात ते चार वेळा कडेपर्यंत आले. शेवटी वाटेच्या कडेकडेने, झाडावरून झाडावर, ते चढाच्या दिशेने निघून गेले. पुढे कुठे जुळलेले डेरे सापडून ते पलीकडे पोहोचले की नाही, ते आम्हाला दिसले नाही. वाटाड्या एवढेच म्हणाला की, कधीमधी ही जनावरे आता खाली उतरून पळत वाट ओलांडतात आणि कुत्री टपूनच असतात.

बसमध्ये मला झोप लागली नाही. आपण एकतीस वर्षे काय काढत होतो, ते डोळ्यांसमोर येत राहिले.

रस्त्याच्या नकाशावर झाड म्हणजे एक लहानसे वर्तुळ असते. ते वर्तुळ बुंध्याचे असते. त्याच्या शेजारी क्रमांक असतो आणि सोबतच्या तक्त्यात जात व छातीच्या उंचीवरचा घेर असतो. रस्त्याची हद्द दाखवणारी रेषा त्या वर्तुळावरून गेली तर झाड ‘बाधित’ ठरते, त्याची गणती होते, परवानगी मागावी लागते, वर्तमानपत्रात बातमी येते, लोक हरकती घेतात. रेषा वर्तुळाच्या बाहेरून गेली तर ते झाड ‘वाचलेले’ असते. आम्ही रेषा इकडची तिकडे सरकवून झाडे वाचवत असू आणि त्याचा आम्हाला, खोटे कशाला सांगू, अभिमानही वाटत असे. पण तीस फूट उंचीवर त्याच झाडाचा डेरा बुंध्यापासून वीस-वीस फूट पसरलेला असतो, तो रेषेच्या पलीकडे गेलेला असतो, समोरच्या डेऱ्याला टेकलेला असतो. तो कोणत्याही नकाशावर मी कधी काढला नाही आणि तो काढ म्हणून मला कधी कोणी सांगितलेही नाही. त्यामुळे काम चालू झाल्यावर यंत्राला अडचण होते, बसच्या टपाला घासते, विजेच्या तारेला लागते अशा कारणांनी तो छाटला जातो, तेव्हा कागदोपत्री काहीच घडलेले नसते. शहरातल्या रस्त्यावर याचा परिणाम म्हणजे सावली जाते. शेकरूच्या जंगलात मात्र रस्ताच जातो, त्याचा रस्ता.

भीमाशंकरला येत्या काळात बांधकामे वाढणार, हे उघड आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आहे आणि त्र्यंबकेश्वरला आलेला भाविक पुढे भीमाशंकरचेही दर्शन घेऊन जाऊ पाहील, हे स्वाभाविक आहे. मी या कामांच्या विरोधात नाही. वृद्ध माणसांना धड पायऱ्या नकोत, गर्दीच्या दिवशी रुग्णवाहिकेला वाट नको, असे कोण म्हणेल? माझे म्हणणे एवढेच आहे की, अभयारण्याच्या हद्दीतील कोणत्याही रस्त्याच्या, पायवाटेच्या, पायऱ्यांच्या किंवा वीजवाहिनीच्या कामाचा नकाशा मंजूर करताना त्यावर बुंध्यांच्या वर्तुळाबरोबर डेऱ्यांची बाह्यरेषाही काढलेली असावी, आणि जिथे रस्त्याच्या दोन बाजूंचे डेरे एकमेकांना टेकतात त्या जागा वेगळ्या खुणेने दाखवलेल्या असाव्यात. हे काम अवघड नाही. डेऱ्याची सावली मोजून ते जुन्या पद्धतीने करता येते, आणि आता तर ड्रोनने वरून छायाचित्रे घेऊन त्यावरून नकाशा तयार करणे ही सर्रास वापरातली पद्धत आहे. ज्या जागांवरून शेकरे प्रत्यक्ष ये-जा करतात त्या मात्र ड्रोनला कळणार नाहीत. त्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना ठाऊक आहेत, तेव्हा मोजणीच्या वेळी त्यांच्यापैकी कोणीतरी, मजुरी देऊन, बरोबर असावे.

याला कायद्याचा आधारही आहे, असे मला वाटते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २९ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याविना अभयारण्यातील कोणत्याही वन्यप्राण्याच्या अधिवासाला कोणत्याही कृतीने हानी पोहोचवता येत नाही. मी कायद्याची जाणकार नाही, पण जो प्राणी जन्मभर फांद्यांवरच राहतो, त्याचा अधिवास फांद्या सोडून दुसरा काय असू शकतो? तसे असेल तर छाटणी हे ‘किरकोळ काम’ राहत नाही. तिचीही नोंद व्हावी, झाडाचा क्रमांक, फांदीची दिशा आणि छाटलेली लांबी तक्त्यात लिहिली जावी, आणि वाहनांसाठी उंची हवीच असेल तर खालच्या फांद्या काढून वरचे जुळलेले डेरे राखावेत. बस बारा फूट उंच असते. शेकरू त्याच्या कितीतरी वरून जाते. दोघांचे रस्ते एकाच जागी, एकमेकांना धक्का न लावता राहू शकतात. येताना निगडाळ्याच्या अलीकडे-पलीकडे एसटीच्या खिडकीतून मी पाहत होते ती सावली त्याचाच पुरावा होती.

जिथे ही छते आधीच तुटलेली आहेत, तिथे फांद्या पुन्हा वाढून जुळेपर्यंत दोरांचे झुलते पूल बांधता येतील. तमिळनाडूत वालपराई येथे चहाच्या मळ्यांतून जाणारे रस्ते ओलांडताना सिंहपुच्छ माकडे वाहनांखाली सापडू लागली, तेव्हा रस्त्यावर असे पूल टांगण्यात आले आणि माकडे त्यांचा उपयोग करू लागली. शेकरू ते पूल वापरेल की नाही, हे एका ठिकाणी बांधून, समोर कॅमेरा लावून पाहता येईल. खर्च एखाद्या स्वागत कमानीपेक्षा कमीच येईल. अर्थात पूल हा तात्पुरता टेकू आहे. तो बांधला म्हणून पुढची छाटणी करायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडे तसा अर्थ काढण्यात माणसे तरबेज आहेत.

मी त्या संध्याकाळी घरी आल्यावर जुना ड्रॉइंग बोर्ड बाहेर काढला आणि पावलांनी घेतलेली मापे व भाचीने काढलेली छायाचित्रे यांवरून त्या जागेचा एक नकाशा तयार केला. तो या पत्रासोबत जोडत आहे. कृपया तो छापू नये, कारण जागा ओळखता येईल आणि शेकरू पाहायला तिथे रविवारी गर्दी होईल. तो आपण वन्यजीव विभागाच्या संबंधित अधिकाऱ्यांकडे पोहोचवावा, एवढी विनंती आहे. मापे पावलांची असल्याने फूट-दीड फूट इकडेतिकडे होईल. उत्तर दिशा दाखवली आहे, बुंधे भरीव वर्तुळांनी, आज असलेले डेरे अखंड रेषेने, आणि छाटणीपूर्वी ते कुठवर असावेत तो अंदाज तुटक रेषेने काढला आहे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे